वाडीच्या मोबदल्यात आकाश

जानेवारी २०२६ मधली गोष्ट. सकाळची वेळ होती आणि जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत होता. विमान उतरवायचे ते वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून आम्ही पश्चिमेकडून, समुद्रावरून आत येत होतो. समोर उरणचा डोंगर, त्यापलीकडे नव्या विमानतळाची धावपट्टी. डाव्या हाताला मुंबई. उजव्या हाताला खांदेरीचे बेट, त्यावरचे १८६७ सालचे दीपगृह, आणि त्याच्या दक्षिणेला थळ, अलिबाग, अक्षी, नागाव अशी माडा-पोफळींची हिरवी पट्टी. हे सारे मला ठाऊक होते, पण दिसत मात्र नव्हते. कप्तानाची खुर्ची डावीकडे असते. माझे गाव होते सहवैमानिकाच्या खिडकीत.

त्या उंचीवर कामाशिवाय बोलायचे नाही असा नियम आहे. विमान जागेवर लागले, इंजिने बंद झाली, तेव्हा तो म्हणाला, "सर, तुमच्याकडचं सगळं माझ्याच बाजूला आलं." मुलगा लातूरचा, वय वर्षे सव्वीस. माझ्या मुलीपेक्षाही लहान. मी म्हटले, "हरकत नाही. मी ते जवळून पाहिलंय." त्याला या वाक्याचा अर्थ कळला नसेल. कळावा अशी अपेक्षाही नव्हती. ज्या वाडीकडे त्याची खिडकी होती, ती वाडी विकूनच मी त्या डाव्या खुर्चीपर्यंत पोचलो होतो.

हे सांगण्याचे कारण असे, की ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले, २५ डिसेंबरला तिथून प्रवासी विमाने सुटू लागली, आणि तेव्हापासून सुटीवर घरी आलो की ओसरीवर माणसे येऊन बसतात. विशी-बाविशीतली मुले येतात, ते ठीकच. पण त्यांच्यामागून, थोडे संकोचून, चाळिशीतले गृहस्थही येतात. कुणी बँकेत आहे, कुणी कारखान्यात, कुणाचा स्वतःचा धंदा. आधी मुलाबद्दल विचारतात. चहा संपता संपता खरा प्रश्न बाहेर येतो : "साहेब, या वयात जमतं का हो?"

याचे एका शब्दात उत्तर देणे सोपे आहे. मला स्वतःला ३७व्या वर्षी जमले, तेव्हा 'जमते' असे म्हणायला हरकत नाही. पण ते उत्तर अर्धवट आहे, आणि अर्धवट उत्तरावर माणसे घर गहाण टाकतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो आहे.

माझी गोष्ट थोडक्यात सांगतो. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा अभियंता. रायगड जिल्ह्यातल्याच एका रासायनिक कारखान्यात तेरा वर्षे नोकरी केली. रात्रपाळीत तपासणीसाठी उंच मनोऱ्यावर चढलो की पश्चिमेकडे समुद्रावर दिव्यांची रांग दिसायची. मुंबईला उतरणारी विमाने. एक दिवा मोठा होत जायचा, वळायचा, नाहीसा व्हायचा, की त्यामागे दुसरा. लहानपणी सगळ्यांनाच विमान आवडते, तसे मलाही आवडायचे. पण पस्तिशीनंतर ती आवड पुन्हा उसळली, ती मात्र पोरखेळ राहिली नाही. मनात हिशेब सुरू झाला.

काळही तसाच होता. २००३ पासून स्वस्त तिकिटांच्या नव्या विमान कंपन्या एकामागून एक सुरू होत होत्या. २००६ साली तर वर्तमानपत्रे उघडावीत आणि वैमानिकांच्या टंचाईची बातमी वाचावी, अशी स्थिती. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असावे, वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण व्हावे, ठरावीक परीक्षा द्याव्यात आणि २०० तासांचे उड्डाण पुरे करावे, की व्यावसायिक परवाना मिळतो. वरची वयोमर्यादा परवाना घ्यायला नाही. ती आहे परवाना वापरायला : पासष्ट वर्षे. सदतीस ते पासष्ट म्हणजे अठ्ठावीस वर्षे. मला ती पुष्कळ वाटली.

घरी बोललो तेव्हा पत्नी बराच वेळ काहीच बोलली नाही. ती अलिबागला माध्यमिक शाळेत शिक्षिका होती. मुलगी आठ वर्षांची होती. शेवटी तिने एकच विचारले, "नाही जमलं तर परत येशील ना? चिडून कुठं निघून जाणार नाहीस ना?" पुढे पाच वर्षांत या प्रश्नाची मला किती वेळा आठवण झाली, ते माझे मलाच माहीत.

पैशाचा प्रश्न अण्णांपुढे गेला. अण्णा म्हणजे माझे वडील, निवृत्त प्राथमिक शिक्षक. अष्टागरात आमची वीस गुंठे वडिलोपार्जित वाडी होती. माड, पोफळी, दोन फणस, विहीर, आणि बैल जाऊन पंप आल्यावर नुसताच उभा राहिलेला रहाट. अण्णांनी सबंध आयुष्यात त्या वाडीतला एक माड स्वतःच्या मर्जीने तोडला नव्हता. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वाडी माझी नाही, तुझीही नाही. भावाला विचार, ताईला विचार. त्यांची सही असेल तर माझीही आहे."

भावाने आठवडा घेतला आणि हो म्हणाला. ताई तर दुसऱ्याच दिवशी रोह्याहून एसटीने आली. तलाठ्याकडचा सातबारा, वकिलाचा मसुदा, सगळे झाल्यावर तिने सही केली आणि पेन बंद करता करता म्हणाली, "विमानात बसव म्हणजे झालं." तिला तिच्या लग्नात फारसे काही मिळाले नव्हते. त्या वाडीत तिचाही वाटा होता. ती हसत सही करत होती आणि मी खाली मान घालून बसलो होतो.

वाडीचे चोवीस लाख आले. आज त्या पैशात तिथे दोन गुंठेही मिळत नाहीत. आमच्या वाडीत आता पोहण्याचा तलाव असलेला बंगला आहे. हे हळहळ म्हणून सांगत नाही, जमाखर्चाची एक बाजू म्हणून सांगतो. जो कुणी चाळिशीत स्वप्न विकत घ्यायला निघतो त्याने किंमत लिहिताना आजचा नव्हे, वीस वर्षांनंतरचा भाव लिहावा.

शिकणे सोपे नव्हते. वैद्यकीय तपासणी आधी करून घ्या, असे मी प्रत्येकाला पहिल्या वाक्यात सांगतो, कारण तिथेच गाडी अडली तर पुढचा खर्च वाचतो. डोळे, कान, हृदय, रक्तदाब, साखर सारे पाहतात. वरच्या श्रेणीचे हे प्रमाणपत्र एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले असे नसते. ते ठरावीक मुदतीने नव्याने मिळवावे लागते, साठीनंतर तर दर सहा महिन्यांनी. म्हणजे वैमानिकाची नोकरी कायम अशी कधी नसतेच. ती एका तपासणीपासून पुढच्या तपासणीपर्यंत असते. विशीतल्या मुलाला हे जाणवत नाही. चाळिशीतल्या माणसाला प्रत्येक वड्याबरोबर जाणवते.

मग परीक्षा. हवाई मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती. शंभरापैकी सत्तर मिळाले तरच उत्तीर्ण. रेडिओ संभाषणाचा परवाना वेगळा. बरोबरची मुले एकोणीस-वीस वर्षांची. त्यांचे पाठांतर तल्लख, माझे गंजलेले. पण काही गोष्टी मला आधीपासून माहीत होत्या, हे तिथे गेल्यावर कळले. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेला नव्हे, चुंबकीय उत्तरेला जाते आणि हा फरक जागोजागी वेगळा असतो, हे पुस्तकात आले तेव्हा मला अलिबागची चुंबकीय वेधशाळा आठवली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला सुरू झाली. शाळेच्या सहलीत आम्ही तिच्या दारावरून गेलो होतो. आत लोखंड न्यायचे नाही, एवढेच लक्षात राहिले होते. मतलई वारे आणि खारे वारे तर आमच्याकडे पुस्तकात शिकायची गोष्टच नव्हे. पहाटे होड्या कुठल्या वाऱ्यावर बाहेर पडतात आणि दुपारी कुठल्या वाऱ्यावर परततात, हे किनाऱ्यावरच्या पोराला न शिकवता येते.

हात मात्र मंद होते. बरोबरीची पोरे पंधरा-सोळा तासांच्या सरावानंतर सेसना एकट्याने उडवू लागली, मला चोवीस तास लागले. शिक्षक माझ्याहून बारा वर्षांनी लहान होता. एकदा तो वैतागून म्हणाला, "काका, विचार कमी करा, विमान उडवा." बोलणे लागले, पण खरे होते. तेरा वर्षे कारखान्यात 'आधी विचार, मग झडप उघडा' हेच अंगवळणी पडले होते. धावपट्टी समोर पन्नास फुटांवर आली असताना विचाराला वेळ नसतो. तो आधी करून ठेवायचा असतो.

ऑक्टोबर २००८ मध्ये परवाना हातात आला आणि त्याच सुमारास दार बंद झाले. जुलै २००८ मध्ये कच्चे तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले होते. सप्टेंबरपासून जगभर मंदी आली. कंपन्यांनी भरती थांबवली. आमच्यासारखे नवे परवानाधारक हजारोंनी घरी बसले. मी एकोणचाळीस वर्षांचा, खिशात परवाना, हातात काम नाही, वाडी गेलेली, भविष्य निर्वाह निधी संपलेला, आणि घर चालते आहे ते पत्नीच्या पगारावर.

ती तीन वर्षे मी सहसा कुणाला सांगत नाही. पण आज ती सांगितली नाहीत तर हा लेख खोटा होईल. गावात लग्नाकार्याला जायचे टाळू लागलो. "मग, कुठलं विमान?" असे कुणी हसत विचारले की पोटात खड्डा पडायचा. एका प्रशिक्षण संस्थेत मुलांना मार्गनिर्धारण शिकवायचे काम मिळाले, त्यात जाण्या-येण्याचा खर्च जेमतेम निघे. परवाना जिवंत ठेवायला अधूनमधून उड्डाण करावे लागते, त्यालाही पैसे मोजायचे. एके ठिकाणी एका गृहस्थाने सुचवले, की तास 'कागदावर' भरून देता येतील, प्रत्यक्ष उडायची गरज नाही, निम्म्या पैशात काम होईल. मी नाही म्हटले. यात शौर्य काही नव्हते, भीती होती. न उडवलेले तास एखाद्या वादळी दिवशी माझ्याकडे हिशेब मागतील, ही भीती. पुढे २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले काही वैमानिक देशात पकडले गेले आणि सगळ्यांचीच कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा त्या भीतीचे मी आभार मानले.

२०११ च्या अखेरीस, बेचाळिसाव्या वर्षी, सहवैमानिक म्हणून नोकरी लागली. त्याआधी त्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्यासाठी आणखी पंधरा लाख उभे करावे लागले. ते राहत्या घरावर कर्ज काढून आणि पत्नीचे दागिने ठेवून. पहिल्या उड्डाणात माझा कप्तान चौतीस वर्षांचा होता. विमान कंपनीत ज्येष्ठता वयाने नव्हे, रुजू झाल्याच्या तारखेने मोजतात. तिथे पांढऱ्या केसांना सवलत नाही, नसावीही. कप्तान व्हायला मला अठ्ठेचाळिसावे वर्ष उजाडले. अण्णा त्याच्या दोन वर्षे आधी गेले.

आता हिशेब मांडू. बाविशीत रुजू होणाऱ्यापुढे त्रेचाळीस वर्षे असतात. माझ्यापुढे तेवीस होती. त्यातली पहिली पाच-सहा कर्ज फेडण्यात गेली. उरलेली तरी निर्वेध असतील याची खात्री कुणी देत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी शेकडो वैमानिक रस्त्यावर आले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देशांतर्गत प्रवासी विमाने दोन महिने पूर्ण थांबली. मी अंगणात बसून नारळ सोलत होतो आणि आकाशात एक पांढरी रेघ नव्हती. तरुण वैमानिक अशा वेळी 'एक-दोन वर्षे गेली' म्हणतो. माझ्या वयाच्या माणसाच्या दृष्टीने तेवीसातली दोन जातात. आज परवान्यापासून टाइप रेटिंगपर्यंत सगळे धरले तर खर्च पन्नास लाखांपासून कोटीपर्यंत पोचतो. चाळिशीतल्या गृहस्थांना मी हे आकडे कागदावर लिहून देतो आणि घरी जाऊन बायकोला दाखवा म्हणून सांगतो. निम्मे परत येत नाहीत. त्यांचे मी मनातून अभिनंदन करतो. जे परत येतात त्यांच्याशी पुढचे बोलतो.

पुढचे बोलणे पैशाचे नसते. माझे एक चुलते होते, तात्या. रेवस ते भाऊचा धक्का या लाँचवर सारंग म्हणून त्यांची हयात गेली. मी वैमानिक व्हायला निघालो तेव्हा सगळ्या गावात एकट्या तात्यांना त्यात नवल वाटले नाही. "लाँच काय, विमान काय, माणसं पलीकडं न्यायची," एवढेच म्हणाले. निघताना मात्र त्यांनी मला बसवून घेतले आणि 'रामदास'ची गोष्ट सांगितली. ती आम्हां रायगडकरांना नवी नाही. १७ जुलै १९४७, दिव्यांची अवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ भर पावसाळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. किनाऱ्यावरच्या गावागावांत एकाच दिवशी घरे बसली. तात्या तेव्हा लहान होते; त्यांच्या आळीतली माणसे त्यात गेली होती. गोष्ट संपल्यावर ते म्हणाले, "समुद्रात शिरायला हिंमत लागते. पण मागं फिरायला अक्कल लागते, आणि ती हिंमतीपेक्षा महाग."

विमानात याला गो-अराउंड म्हणतात. उतरताना काही जरी बिनसले, वेग, उंची, वारा, दृश्यमानता, तर हट्ट न करता पुन्हा वर जायचे, फेरी मारायची, नाहीतर दुसऱ्या विमानतळावर जायचे. यात कमीपणा नाही. पण माणसाचे मन विचित्र असते. धावपट्टी समोर दिसत असते, प्रवाशांना घरी जायचे असते, इंधनाचा, वेळेचा हिशेब असतो, आणि 'आता आलोच आहोत तर' हे चार शब्द घात करतात. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडेला मुसळधार पावसात विमान धावपट्टीपलीकडे गेले. दोन्ही वैमानिकांसह एकवीस जण दगावले. उतरण्याची घडी बसलेली नव्हती, आणि सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याची सूचना केली असतानाही उतरणे चालू राहिले, असे चौकशी अहवालाने नोंदवले. जे गेले त्यांना दूषण देण्यासाठी हे लिहीत नाही. अनुभवी माणसाचाही तो क्षण येतो, हे लक्षात राहावे म्हणून लिहितो. मी उजव्या खुर्चीतल्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो : तुला शंका आली तर मोठ्याने बोल, मी ऐकणार आहे.

उशिरा आलेल्या माणसाकडे देण्यासारखे काही असेल तर ते हेच. हात तरुणांचे चपळ. पण ज्याने तेरा वर्षे कारखान्यात झडपा सांभाळल्या, कर्जाचे हप्ते भरले, बापाचे आजारपण काढले, त्याला 'नाही' म्हणता येते, आणि 'माझे चुकले' असेही म्हणता येते. कॉकपिटमध्ये या दोन वाक्यांचे मोल मोठे आहे. अर्थात वय वाढले म्हणजे शहाणपण येतेच असे नाही, हट्टही वाढतो. म्हणून चाळिशीतल्या इच्छुकाला मी विचारतो, तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान माणूस चारचौघांत तुमची चूक दाखवील, ते चालेल का? उत्तर देताना जो थोडा थांबतो, तो पुढे बरा वैमानिक होतो.

जे. आर. डी. टाटांचे नाव या विषयावर निघतेच. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन ते जुहूला उतरले, आणि पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केले. वाचून छाती फुलते. पण त्या उड्डाणावर कुणाच्या घराचा हप्ता अवलंबून नव्हता. आकाशाचे प्रेम कुठल्याही वयात करता येते. आकाशावर पोट भरणे ही निराळी गोष्ट आहे. दोन्हींची गल्लत झाली की मग संसाराची होरपळ होते. ज्यांना नुसते उडायचे आहे त्यांनी खासगी परवाना घ्यावा, सुटीत उडावे, नोकरी सोडू नये. त्यात काही उणेपणा नाही.

आता थोडे आपल्या जिल्ह्याबद्दल. हा विमानतळ पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडात उभा आहे. उलवे, तरघर, कोंबडभुजे, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वाघिवली अशा दहा वस्त्या त्यासाठी उठल्या. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचे पात्र वळवले गेले. त्याच्याही आधी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या परिसरात जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व आले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील, त्यांचे नाव विमानतळाला द्यावे म्हणून २०२१ मध्ये जिल्हा रस्त्यावर उतरला. नावाचा आग्रह योग्यच आहे. पण मला दुसराही एक आग्रह धरावासा वाटतो. ज्यांच्या सातबारावर ही धावपट्टी आहे, त्यांच्या घरातले किती जण तिच्यावरून विमान उडवणार? की आपल्या वाट्याला फक्त फाटकावरची खाकी आणि सामानाच्या गाड्या? त्या कामांना मी कमी लेखत नाही. पण तेवढ्यावरच थांबायचे, असे कुणी ठरवले?

यासाठी फार मोठे काही नको. जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यात बारावीच्या विज्ञान शाखेच्या मुलांना एकदा तरी या क्षेत्राची खरी माहिती मिळावी, आकड्यांसकट, जाहिरातीतली नव्हे. प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती असावी आणि तारण न मागणारे कर्ज असावे, म्हणजे पुन्हा कुणाला वाडी विकावी लागणार नाही. मुलींना आवर्जून सांगावे, की १९८५ मध्ये सर्व महिला कर्मचारी असलेले देशातले पहिले प्रवासी उड्डाण झाले, त्याच्या कप्तान सौदामिनी देशमुख होत्या. आणि नुसते वैमानिकच नव्हे. विमानाची देखभाल करणारे अभियंते, हवाई वाहतूक नियंत्रक, हवामानतज्ज्ञ, या वाटा स्वस्त आहेत, आणि अलिबागच्या मुलाला त्या दूरच्या वाटण्याचे कारण नाही.

ओसरीवरच्या त्या गृहस्थांना शेवटी मी एक विचारतो. वय किती, हे नाही. विचारतो, तुमच्या या बेतावर किती जणांच्या सह्या आहेत? परवान्यावर एकट्याचे नाव असते. माझ्या परवान्यावरही माझेच आहे. पण तो अण्णांनी, भावाने, ताईने आणि तीन वर्षे एकटीने घर ओढणाऱ्या बायकोने मिळून काढलेला आहे. त्यांनी सही केली ती माझ्या हुशारीवर नव्हे, मी परत येईन या विश्वासावर. ज्याच्याकडे अशा सह्या आहेत त्याने चाळिशीतही जरूर जावे. ज्याच्याकडे नाहीत, त्याने आधी त्या मिळवाव्यात. आणि मिळत नसतील तर मागे फिरावे. अक्कल हिंमतीपेक्षा महाग असते, हे आमच्या तात्यांनी सांगितलेच आहे.

ताईचा वाटा मी २०१८ मध्ये फेडला. वाडीच्या त्या वेळच्या भावाने. आजच्या भावाने फेडणे मला शक्य नव्हते आणि तिने मागितलेही नाही. तिची अट मात्र बाकी राहिली होती. यंदाच्या फेब्रुवारीत ती आली, भावजयीचा हात धरून, गुडघे दुखत असताना. सतरा क्रमांकाच्या रांगेत खिडकीजवळ बसली. उड्डाणानंतर विमान दक्षिणेकडे वळले तेव्हा खाली आपला किनारा स्वच्छ दिसला असणार. उतरल्यावर मी विचारले, "दिसली का वाडी?"

"दिसली की," ती म्हणाली. "तळं निळं आहे अगदी. पण विहिरीवरचा फणस ठेवलाय हो त्यांनी."